मगर अपवाद का? वंशावळीवरचं वर्गीकरण आणि आपल्या सातारा-सांगलीतले प्राचीन जीव

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी तासगाव भागातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. अकरावीला प्राण्यांचं वर्गीकरण आलं की एका ओळीपाशी मी थांबतोच. सरपटणाऱ्या प्राण्यांचं हृदय तीन कप्प्यांचं असतं, अपवाद मगर, तिचं चार कप्प्यांचं. मुलं ओळ पाठ करतात, परीक्षेत ती एका मार्काला येते आणि विषय संपतो.

माझं मत असं आहे की मगर मुळात अपवाद नाहीच. दिसण्यावरून गट पाडला म्हणून ती अपवाद ठरते. कोण कुणापासून आलं यावर गट पाडला तर मगरीच्या शेजारी पाल येत नाही, पक्षी येतात. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत मगरीचे सगळ्यात जवळचे नातेवाईक म्हणजे पक्षी, आणि त्यांनाही चार कप्पेच. मग गोष्ट तिथंच थांबत नाही. मगर आणि पक्षी यांच्या फांद्यांच्या मधे डायनासोर बसतात. म्हणजे कधीही न पाहिलेल्या प्राण्याच्या छातीत काय होतं ते आपण बोलू शकतो. वर्गात हे सांगितलं की मुलं विचारतात, "सर, डायनासोरचं हृदय कुणी पाहिलंय?" प्रश्न रास्त आहे.

तर दोन गोष्टी हव्यात. एक, अशा वर्गीकरणातून नामशेष जीवांबद्दल किती खात्रीनं बोलता येतं? आणि दुसरी, आपल्या मातीतली उदाहरणं. इथं सगळा काळा पाषाण. पोरांना परदेशातल्या सांगाड्यांची चित्रं किती दाखवायची?

भडंगप्रेमी

मगर म्हणजे आमचा विषय! भिलवडी-औदुंबरच्या बाजूला माणसं नदीवर पहिल्यांदा पाण्याकडं बघतात, मग पाय धुतात.

बाकी तुमच्या हिशेबानं रविवारी आमच्या घरी जे शिजतं ते मगरीचं पाहुणं झालं की.

माहुलीची_सून

सर, पण मगर आणि पाल शेजारी ठेवल्या तर एकीचं पिल्लू दुसरी वाटते. चार पाय, शेपूट, खवले. चिमणीत यातलं काय आहे? माझ्या मुलीला हे कसं समजावू? ती आठवीत आहे आणि मला गप्प बसू देत नाही.

निवृत्त_मास्तर

सूनबाई, मुलीला असं सांगा. दोन चुलत भावंडांचं नाक अगदी सारखं आहे, आणि आजीचा एकही फोटो घरात नाही. तरी आपण म्हणतो की नाक आजीकडून आलं असणार. आता त्याच आजीचा तिसरा मुलगा लहानपणीच गेला, त्यालाही कुणी पाहिलेलं नाही. त्याचंही नाक तसंच असावं, असं म्हणायला आधार आहे. मगर आणि पक्षी ही ती दोन भावंडं, आणि डायनासोर हा तिसरा.

खवले आणि चार पाय का चालत नाहीत, तर ते फार जुने आहेत. पालीलाही आहेत, कासवालाही आहेत. सगळ्यांकडं असलेल्या वस्तूवरून कोण कुणाच्या जवळचा हे कळत नाही. जवळीक कळते ती नंतर आलेल्या आणि फक्त काही जणांतच उतरलेल्या खुणांवरून. हा नियम विली हेनिग या जर्मन कीटकतज्ज्ञानं १९५० मध्ये नीट मांडला. त्याआधी लिनियसनं १७५८ पर्यंत नावं देण्याची पद्धत बसवली होती, डार्विननं १८५९ मध्ये वंशवृक्ष मांडला होता, पण झाड काढायचं कसं याची शिस्त हेनिगनं दिली.

मी शिकवत होतो तेव्हा आमच्या हातात फक्त तक्ते होते. संघ, वर्ग, गण, कुल. तक्त्यात काळ नसतो. झाडात असतो. माझ्या मते सगळा फरक तिथं आहे.

शंकासुर

मास्तर, नाक दोन्ही घरांत वेगवेगळ्या सासुरवाडीकडून आलं असेल तर? सस्तन प्राण्यांनाही चार कप्पे आहेत. मग मगर माणसाचीही बहीण म्हणायची का?

कृष्णाकाठ

शंकासुर, अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. सस्तन प्राण्यांत चार कप्पे स्वतंत्रपणे आले. ते कसं कळतं? कारण बाकीच्या ढीगभर खुणा आणि डीएनए दोन्ही सांगतात की मगर, पक्षी, पाल, कासव हे सगळे एका बाजूला आणि आपण दुसऱ्या बाजूला. एका खुणेवर झाड उभं राहत नाही. आधी झाड अनेक खुणांवरून पक्कं करायचं, मग एकेक खूण त्यावर ठेवून ती कुठं उगवली ते बघायचं. हा क्रम उलटा केला की गोंधळ होतो.

मगर-पक्षी जोडीकडं हृदयाशिवायही पुष्कळ आहे. दोघंही घरटं करतात, अंडी राखतात. पिल्लं अंड्यातूनच आवाज देतात. फुप्फुसांचं तर फार सुंदर आहे. आपल्या फुप्फुसात हवा आत येते आणि त्याच वाटेनं परत जाते. पक्ष्यांत ती एकाच दिशेनं फिरते, हे पूर्वीपासून माहीत होतं. २०१० मध्ये मगरीच्या जवळच्या नात्यातल्या अ‍ॅलिगेटरमध्येही तसंच आढळलं. म्हणजे ही सोय उडण्यासाठी तयार झालेली नाही, ती त्याआधीची, दोघांच्या सामाईक पूर्वजाइतकी तरी जुनी आहे. तो पूर्वज साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीचा.

शंकासुर

आणि घोरपडीत सापडलं तर?

कृष्णाकाठ

सापडलं! २०१४ मध्ये आफ्रिकेतल्या सव्हाना घोरपडीत अशीच एकदिशा हवा दाखवली गेली. म्हणजे एक तर ती सोय आणखी मागं जाते, किंवा घोरपडीत वेगळी उगवली. दोन्ही शक्यता उघड्या आहेत. डायनासोरच्या बाबतीत मात्र निष्कर्ष हलत नाही. त्यांच्या दोन्ही बाजूंना ती आहेच.

नदीवरचा

मी शिकलेला कमी, पण मगरीबद्दल बोलू शकतो. आमचं घराणं नदीवरच जगलं. उन्हाळ्यात मगर काठाच्या मळीत, पाण्यापासून जरा वर, खड्डा करून अंडी घालते. वळवाचे दिवस आले की आतून आवाज येतो. कुचकुच असा, कोंबडीच्या पिल्लासारखा, पण जाड. तो आवाज आला की ती येते, माती उकरते आणि पिल्लं तोंडात धरून पाण्याला नेते. जबडा असा की म्हशीचा पाय मोडेल, आणि पिल्लाला ओरखडा नाही. पुढं कित्येक दिवस पिल्लं तिच्या आसपासच असतात.

आमचे वडील म्हणायचे, पिल्लाजवळ नर पण दिसतो. लोक हसायचे.

सुप्रिया_मिरज

नदीवरचा दादा, तुमच्या वडिलांचं निरीक्षण शास्त्रात नोंदलेलं आहे. मद्रास क्रोकोडाइल बँक या मगरींच्या संवर्धन केंद्रात १९८० च्या दशकात आपल्याच जातीच्या मगरीत नर पिल्लांची देखभाल करतो हे पाहून प्रसिद्ध केलं गेलं. हसणाऱ्यांना हे वाचून दाखवा.

आणि यावरूनच एका डायनासोरवरचा आळ कसा गेला ते सांगते. १९२३ मध्ये मंगोलियात अंड्यांच्या ढिगावर एक सांगाडा सापडला. अंडी दुसऱ्या डायनासोरची आहेत असं धरलं गेलं, म्हणून याचं नाव पडलं ओव्हिरॅप्टर, अंडी पळवणारा. सत्तर वर्षं तो चोर होता. १९९३ मध्ये तशाच एका अंड्यात भ्रूण मिळाला, तो ओव्हिरॅप्टरच्याच कुळातला निघाला. पुढं त्या कुळातले अंड्यांवर पाय दुमडून, पक्ष्यासारखे बसलेले सांगाडेही मिळाले. मगर अंडी राखते, पक्षी राखतात, तर मधला राखत असणार, ही शंका १९२३ मध्येच यायला हवी होती. पण तेव्हा डायनासोर म्हणजे मोठी, मठ्ठ पाल, असंच सगळे धरून चालले होते.

भडंगप्रेमी

सत्तर वर्षं खोटी केस. आणि निकाल लागला तेव्हा आरोपी हयात नाही.

दवाखान्यातला

हृदयाचा विषय निघाला म्हणून. मी हृदयरोग विभागात काम करतो. दगडात डायनासोरचं हृदय सापडलं, अशी बातमी मागं गाजली होती ना? चार कप्पे दिसतात असंही त्यात होतं. मग सरांच्या मुलांना पुरावाच दाखवता येईल.

कृष्णाकाठ

ती २००० सालची गोष्ट. थेसेलोसॉरस जातीचा एक सांगाडा, त्याला 'विलो' म्हणतात. छातीत लोहयुक्त गोळा होता, सीटी स्कॅन करून ते हृदय असल्याचं प्रसिद्ध झालं. २०११ मध्ये पुन्हा बारकाईनं तपासलं तेव्हा तो बहुतेक वाळूचा घट्ट झालेला खडा आहे, असं ठरलं.

म्हणून मला हे उदाहरण वर्गात आवर्जून सांगायचंय. दगडातलं 'हृदय' गेलं तरी चार कप्प्यांचा निष्कर्ष जागेवर राहिला, कारण तो त्या गोळ्यावर उभाच नव्हता.

शंकासुर

ठीक. पण मग या पद्धतीला काय येत नाही, तेही सांगा. नाहीतर सगळं येतंय म्हणणाऱ्याकडं मी संशयानंच बघतो.

सुप्रिया_मिरज

पिसं येत नाहीत. पक्ष्याला पिसं आहेत, मगरीला नाहीत. एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, अशा वेळी मधल्याबद्दल झाड गप्प बसतं. तिथं दगडच लागतो. १९९६ मध्ये चीनमध्ये सायनोसॉरोप्टेरिक्स हा डायनासोर सापडला, अंगावर पिसांसारख्या तंतूंची किनार असलेला, तेव्हा तो प्रश्न सुटायला लागला. रंग, आवाज, कळपात राहणं यातलं बरंच काही असंच आहे.

आणि झाड चुकलं तर वरचं सगळंच कोसळतं. म्हणून झाड पुन्हा पुन्हा तपासलं जातं.

अजिंक्यतारा

पण उलटही होतं बरं. झाड दगड शोधून देतं. मासे आणि चतुष्पाद यांच्या मधला प्राणी कुठल्या काळातल्या खडकात असणार, हे झाडावरून ठरवून एक चमू कॅनडाच्या उत्तरेला एल्समिअर बेटावर गेला. योग्य वयाचे, उथळ पाण्यात साठलेले खडक तिथं उघडे होते. २००४ मध्ये टिकटालिक मिळाला, वय सुमारे ३७.५ कोटी वर्षं. पोहायचे पर माशाचे, पण त्यांच्या आत मनगटाची हाडं, आणि खांद्यापासून सुटं झालेलं डोकं, म्हणजे मान. शंकासुर, आधी सांगून मग सापडलं तर त्याला अंदाज म्हणायचं का?

शंकासुर

याला मी अंदाज म्हणणार नाही.

दगडधोंडे

कृष्णाकाठ, दुसऱ्या प्रश्नाकडं वळतो. मी वाईचा, शिक्षण भूशास्त्राचं. दर पावसाळ्यानंतर कुणीतरी मला दगड आणून देतं, "यात नेच्याचं पान आहे, जीवाश्म आहे." सुंदर असतं, काळ्या रेघांची फांदी-फांदी. पण ते मँगनीजच्या क्षारांचे झाडासारखे पसरलेले स्फटिक असतात. फटीत पाणी झिरपतं आणि ते उमटतात. पान कधीच नव्हतं.

आपला डोंगर म्हणजे एकावर एक लाव्ह्याचे थर, वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. तापलेला लाव्हा जीवाश्म ठेवत नाही. दोन थरांमध्ये तळी साचली तिथं जीवाश्म मिळतात, पण त्यांचे चांगले साठे पूर्वेकडं, नागपूर-छिंदवाडा पट्ट्यात. गोदावरी, मांजरा खोऱ्यांच्या गाळात हत्तीची वगैरे हाडं सापडली आहेत, पण ती हिमयुगातली, म्हणजे या हिशेबात कालपरवाची. डायनासोरच्या काळाचं साताऱ्यात बोलायचं तर दगड मदत करणार नाही.

डोंगरवाट

दगडधोंडे, दगड नाही, पण जिवंत आहेत ना! मी याच उत्तराची वाट बघत होतो.

कोयनेजवळचं हुंबर्ली. त्या एका गावाच्या परिसरात दोन उभयचर आहेत, आणि त्या दोघांना झाडावर नीट बसवलं तर अख्ख्या भारतीय भूखंडाचा प्रवास समोर येतो.

पहिलं देवगांडूळ. बिनपायाचं, अंगावर कडी असलेलं, मातीत राहणारं. दिसतं गांडुळासारखं, पण कणा आहे, जबडा आहे, दात आहेत. डोळा आणि नाकपुडीच्या मधे एक इवलासा स्पर्शक असतो, चाचपडण्यासाठी. बेडकांचा हा दूरचा नातेवाईक. हुंबर्लीहून २००४ मध्ये एक नवीन जात नोंदली गेली, इंडोटायफ्लस महाराष्ट्राएन्सिस. आता या गटाच्या देवगांडुळांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक कुठं आहेत? भारताच्या बाहेर बघायचं तर सेशेल्स बेटांवर. मधे सगळा अरबी समुद्र. आणि हा प्राणी खाऱ्या पाण्यात टिकत नाही.

पोहून गेला नाही, तर जमीनच तुटली. सेशेल्सची ग्रॅनाइटची बेटं म्हणजे भारतापासून सुटलेला तुकडा आहे, आणि तो सुटला तो दख्खनचा लाव्हा वाहत होता त्याच सुमाराला. त्याआधी मादागास्कर सुटलं, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे हे घराणं भारत आशियाला धडकायच्या कितीतरी आधीपासून या जमिनीवर बसलेलं आहे. डायनासोर इथं फिरत होते तेव्हा याचे पूर्वज खाली मातीत होते.

दुसरा कोयनेचा भेक, म्हणजे टोड. १९६३ मध्ये त्याचं वर्णन झालं, तेव्हा बुफो या मोठ्या गटात टाकला गेला. २००९ मध्ये डीएनएवरून त्याला स्वतंत्र प्रजाती मिळाली, झँथोफ्रायनी. त्याचा सख्खा भाऊ आंबोलीत आहे, आणि त्या प्रजातीत हे दोघंच. इतका स्थानिक, इतका दुर्मीळ, तर कुणालाही वाटेल की हा मूळचाच. पण झाड दुसरं सांगतं. भेकांचं घराणं दक्षिण अमेरिकेकडचं, ते जगभर पसरलं आणि भारत आशियाला जोडला गेल्यावर जमिनीवरून इकडं आलं. मग सह्याद्रीत त्यातून नव्या जाती झाल्या.

एकच गाव, एकच पाऊस, एकाच दगडाखाली दोघं भेटू शकतील. एक भूखंडावर बसून आला, दुसरा तो पोचल्यावर चालत आला. नुसतं दोघांकडं बघून हे कळलं नसतं आणि त्या डोंगराखालच्या दगडातूनही कळलं नसतं. वर्गीकरण नावं लावण्यासाठी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हुंबर्लीला घेऊन जाईन.

पाटणचा_पाऊस

आमच्याकडं भाताच्या कडेला, शेणखताच्या खड्ड्यात निघतात देवगांडुळं. गडी साप समजून मारतात. ते विषारी नाही, कुणाला काही करत नाही, हे गावात सांगून सांगून थकलो, पण सांगत राहतो.

माहुलीची_सून

याला पाय होते का आधी?

डोंगरवाट

होते! बेडूक आणि सॅलॅमँडर (शेपटीवाला उभयचर) यांच्या शेजारची ही फांदी असल्यामुळं पूर्वज पायवाला असणार, हे झाड सांगतच होतं. १९९३ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या जुरासिक खडकातून इओसिसिलिया प्रसिद्ध झाला. अंग देवगांडुळाचं आणि चार छोटे छोटे पाय.

आपल्या भागात मातीत वळवळणारे इतर पण बघा. वाळा आहे, खापरखवल्या आहे, दोन्ही साप. साधं गांडूळ आहे, त्याला कणाच नाही. आणि देवगांडूळ. मातीत घुसायचं तर लांब, गोल, बिनपायाचं व्हावं लागतं, म्हणून सगळे एका साच्यात आलेत. दिसण्यावरून गट पाडला तर चौघं एका घरात जातील. शंकासुरांनी मघाशी सासुरवाडी काढली होती, ती हीच.

दगडधोंडे

डोंगरवाट, एक अडचण आहे. ६.६ कोटी वर्षांपूर्वी हुंबर्लीच्या जागी लाव्हा वाहत होता. कोयनेच्या परिसरात तर थरांची जाडी प्रचंड. मातीतला ओलसर प्राणी तिथं जगलाच कसा?

डोंगरवाट

तिथं जगला नाही. घराण्याचं वय आणि त्या जागेवरच्या मुक्कामाचं वय, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाव्हा सगळ्या भारतभर पसरला नव्हता, दक्षिणेचा मोठा भाग त्याच्या बाहेर राहिला. सह्याद्रीच्या अनेक जुन्या घराण्यांबद्दल अभ्यासक हेच मांडतात की ती दक्षिणेकडं टिकली आणि थर थंड होऊन माती तयार झाल्यावर उत्तरेला सरकली. केरळ-तमिळनाडूकडं जुनी घराणी जास्त आहेत, ते यात बसतं. केरळातला जांभळा बेडूक, २००३ मध्ये नोंदलेला, त्याचेही नातेवाईक सेशेल्सलाच आहेत.

अजिंक्यतारा

तो जांभळा बेडूक कोयनेतही आहे ना? नावातच सह्याद्री आहे.

डोंगरवाट

नाही. तो दक्षिणेतच. आपल्याकडं शोधायला जाऊन ओढ्यातले दगड उलथू नका, प्लीज. दगडाखालच्यांचं घर मोडतं.

वारकरी_विज्ञान

आपल्या पूर्वजांनी दशावतारात हेच सांगितलंय, मत्स्य, कूर्म, वराह. क्रम बघा.

निवृत्त_मास्तर

दशावतारावर माझी श्रद्धा आहे, रोज म्हणतो. पण त्याला उत्क्रांतीचा तक्ता करू नये असं मला मनापासून वाटतं, दोन्हींच्या भल्यासाठी. दशावतार ही एकामागून एक चढत जाणारी शिडी आहे. शास्त्र सांगतं ते झाड आहे. कासव आपलं पूर्वज नाही, आपण आणि कासव दोघंही एका तिसऱ्याच्या पोटचे. डुक्कर माणसात बदललं नाही. शिडी धरली की मुलं विचारतात, "माकडापासून माणूस झाला तर माकडं अजून का आहेत?" झाड धरलं की तो प्रश्नच उरत नाही.

पठारी

साताऱ्याचा आहे, कासला जन्म गेला. तुम्ही सगळे प्राण्यांत अडकलात. माझ्या पठारावरची एक वनस्पती सांगतो, जिच्याकडं कुणी बघत नाही कारण तिला फूल येत नाही.

आयसोइटिस. कास, पाचगणीचं टेबललँड, पावसाळ्यात पाणी साचतं त्या उथळ डबक्यांत. दिसते गवताच्या जुडीसारखी. पान उपटून बुडखा बघितला तर आत बीजाणूंची पिशवी दिसते. (उपटू नका, मी सांगतोय तेवढं पुरे.) पाणी आटलं की वरचं सगळं जातं, खाली कंद राहतो. पाचगणीच्या नावाची एक जात आहे, सह्याद्रीच्या नावाची एक आहे, ती वनस्पतिशास्त्रज्ञ टी. एस. महाबळे यांनी नोंदलेली.

आता हिचं झाड बघा. नेचे, पाइन, आंबा, गवत हे सगळे एका मोठ्या फांदीवर, आणि ही त्यांच्यापासून फार आधी वेगळ्या झालेल्या फांदीवर. त्या फांदीवर एके काळी लेपिडोडेंड्रॉन होता, तीस मीटरहून उंच झाड, कार्बनीफेरस काळातल्या दलदलींचा राजा. तो गेला. आज जिवंत असलेल्यांत त्याची सगळ्यात जवळची कोण, तर ही वीतभर जुडी. आणि हे नुसतं नावापुरतं नातं नाही. लेपिडोडेंड्रॉनच्या मुळांचे जीवाश्म युरोपात ढिगानं मिळतात. त्या उपमुळांत पाणी वाहणारा धागा मध्यभागी नसतो, एका बाजूला सरकलेला असतो. आयसोइटिसचं मूळ आडवं कापलं की तेच दिसतं. तीस कोटी वर्षांपूर्वीचं झाड दलदलीत कसं उभं राहत होतं, हे समजून घ्यायला शास्त्रज्ञ ही जुडी कापून बघतात.

लोक कासला येतात, फुलांचे फोटो काढतात आणि तिच्यावर पाय देऊन जातात. मला ते बघवत नाही.

अजिंक्यतारा

लय भारी, पठारी. म्हणजे आपल्या घरात लाइट येते ती हिच्याच पणजोबांच्या कोळशावर!

दगडधोंडे

इंग्लंड-अमेरिकेच्या कोळशाबद्दल ते खरं. आपला चंद्रपूरचा कोळसा त्यानंतरचा, पर्मियन काळातला, गोंडवन या जुन्या दक्षिणी महाखंडातला. तो मुख्यतः ग्लॉसोप्टेरिसचा, आणि ते बियांचं झाड होतं. फांदीच वेगळी. कोळसा दोन्हीकडं काळाच, पण जंगल वेगळं.

सुप्रिया_मिरज

पठारी, एक भर घालते, नाहीतर उद्या कुणीतरी फलक लावेल 'तीस कोटी वर्षं न बदललेली वनस्पती'. घराणं जुनं म्हणजे आजची जात जुनी, असं नसतं. सायकसच्या गटाचं उदाहरण आहे. तो डायनासोरच्या काळापासूनचा, म्हणून त्याला जिवंत जीवाश्म म्हणत आले. २०११ मध्ये डीएनएवरून दिसलं की आज असलेल्या बहुतेक जाती गेल्या सुमारे १.२ कोटी वर्षांत फुटल्या आहेत. बागेतला सायकस कुठल्या डायनासोरनं खाल्लेला नाही. म्हणून जिवंत नातेवाइकावरून मेलेल्याबद्दल बोलताना कुठली खूण जुनी आणि कुठली नंतरची, हे प्रत्येक वेळी वेगळं तपासावं लागतं.

पठारी

मान्य, आणि हे मी सहलीला येणाऱ्यांना सांगेन. बाजूला सरकलेला धागा जुना आहे, कारण तो जीवाश्मातही आहे. डबक्यात राहायची सवय त्याच जुन्या दलदलीची की नंतरची, हे नुसतं आजच्या जुडीवरून म्हणता येणार नाही.

कृष्णाकाठ

मंडळी, मागितलं त्याहून कितीतरी जास्त मिळालं. मी आता तास असा घ्यायचं ठरवलंय. पुस्तकातली अपवादाची ओळ फळ्यावर लिहायची. शेजारी पाल, मगर, कोंबडी यांची हृदयं. मग मुलांनी स्वतः झाड काढायचं आणि चार कप्पे कुठल्या फांदीवर आले ते खूण करून दाखवायचं. त्यानंतरच डायनासोर त्या झाडावर बसवायचा. 'किती खात्रीनं' या प्रश्नाचं उत्तर मला सुप्रियाताईंच्या पिसांत मिळालं. दोन्ही बाजूंना खूण असेल तर ठामपणे बोलायचं, एकाच बाजूला असेल तर दगडाची वाट बघायची. आणि दुसऱ्या तासाला हुंबर्ली.

शंकासुर

सर, त्या झाडावर कासव पण बसवा. मास्तरांनी कासवाचा विषय काढला आणि तसाच सोडला. त्याचं हृदय तीन कप्प्यांचं. मग ते पालीकडं जाणार की मगरीकडं?

सुप्रिया_मिरज

मगर आणि पक्ष्यांकडं. २०१२ पासून मोठ्या प्रमाणावर डीएनए तपासून हे पक्कं होत गेलं. त्याआधी बराच काळ कवटीच्या छिद्रांवरून ते सगळ्या सरीसृपांच्या तळाशी बसवलं जायचं. आता ते मगर-पक्षी फांदीच्या अगदी शेजारी आहे, पण आत नाही.

शंकासुर

म्हणजे चार कप्पे कासवाची फांदी फुटल्यानंतर आणि मगर-पक्षी वेगळे होण्याच्या आधी आले.

कृष्णाकाठ

बरोबर. ही खूण मुलांना काढायला लावतो, उत्तर मी सांगणार नाही. बघू किती जण कासव पालीजवळ ठेवतात.